लाल दोऱ्याचा खिसा

याकूब मास्तर माणसाच्या तोंडाकडे बघायच्या आधी त्याच्या शिवणीकडे बघत. लातूरच्या घरात आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात मी पडद्यांचं कापड घेऊन त्यांच्या दुकानात गेले, तेव्हा त्यांची नजर प्रथम पडली ती माझ्या ब्लाउजच्या बाहीवर. "हे नांदेडच्या हाताचं काम हाय," ते म्हणाले. "हात चांगला हाय, पण शिवणाऱ्याला आता चष्मा पाहिजे." ब्लाउज खरोखरच नांदेडला, माझ्या माहेरी शिवलेला होता. आणि शिवणाऱ्या गृहस्थांच्या डोळ्यात पुढच्याच वर्षी मोतीबिंदू निघाला.

तुम्ही दोघा नातवंडांनी मास्तरांना कधी पाहिलं नाही. सडपातळ, किंचित वाकलेले, गळ्यात कायम टेप. बाजारात जाताना आणि नमाजाला जातानाही तो टेप गळ्यातच राहून जाई आणि अर्ध्या वाटेवर त्यांच्या लक्षात येई. गल्लीभराचे कपडे बेतणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या सदऱ्याला मात्र एक तरी बटण नसायचंच. बायको लवकर गेली होती, मुलगी सलमा नांदेडला दिलेली. आमच्या गल्लीत एक गंमत होती. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत असे, तर मला सगळे 'बाई' म्हणत. आणि चौथीत शाळा सोडलेल्या याकूबना सगळे 'मास्तर' म्हणत. ते म्हणायचे, "तुम्ही मार्क देता, मी माप घेतो. माप खोटं निघत न्हाई, म्हणून मी मास्तर."

किल्लारीच्या बाजूला भूकंप झाला त्या दिवशी सकाळी जखमी माणसांच्या गाड्या लातूरला येऊ लागल्या. आम्ही सगळे रस्त्यावर उभे होतो, घरात जायची भीती वाटत होती. मास्तरांनी दुकान उघडलं, पांढऱ्या मांजरपाटाचे दोन तागे खांद्यावर टाकले आणि सरकारी दवाखान्यात गेले. हात गळ्यात बांधायला झोळ्या लागतात, पट्ट्या लागतात; कापड फाडायला माणूस लागतो. तीन दिवस ते तिथल्या अपघात विभागाच्या दारात बसून कापड फाडत होते. त्या विभागाला गावात कोणी अपघात विभाग म्हणत नाही, 'क्याज्वल्टी' म्हणतात, मीही तेच म्हणते.

तिथे येणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले जात: नाव काय, आणि बरोबर कोण? एक म्हातारी बाई दोन्हींना उत्तर देईना. लागलेलं फारसं नव्हतं, पण वाचा बसली होती. कोणत्या गावची, कोणाची, काही कळायला मार्ग नव्हता. मास्तर तिच्याजवळ बसले. तिच्या चोळीच्या बगलेतला तिकोनी तुकडा त्यांनी लांबूनच न्याहाळला आणि म्हणाले, "हा निलंग्याच्या बाजारात बसणाऱ्या शिंप्याचा हात हाय. बगलेला असा उलटा टाका दुसरं कोणी घालत न्हाई." निलंग्याकडे जाणाऱ्या एका ट्रकवाल्याबरोबर त्यांनी निरोप धाडला. शिंपी सापडला, त्याला चोळीचं कापड आठवलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या बाईची लेक दारात उभी राहिली.

गल्लीत सगळे मास्तरांचं कौतुक करू लागले, पण ते खूश दिसेनात. मला म्हणाले, "कपडा बोलला म्हणून बाई सापडली. कपडा मुका असता तर?"

तेव्हापासून गल्लीत कोणाही म्हाताऱ्या माणसाला क्याज्वल्टीत न्यायचं झालं की आधी मास्तरांना हाक जाई. मशीनवरचं काम तसंच टाकून ते रिक्षात बसत. तिथल्या शांता सिस्टर भूकंपापासून त्यांना ओळखत होत्या. डॉक्टर बदलून जात, मास्तर आणि सिस्टर तिथेच असत. मास्तर तिथे करायचे एकच: रोगी खोटं बोलला की खोकायचे. कारण म्हातारी माणसं डॉक्टरपुढे खोटं बोलतात असा त्यांचा पक्का अनुभव होता. "घरात रोज मरून राहिलेत," ते म्हणायचे, "अन् डॉक्टरपुढं गेलं की ठणठणीत. जरा ग्यास झालाय साहेब, म्हणतात. ग्यास! चार दिवस जिना चढता येईना, त्याला ग्यास म्हणतात व्हय?"

मग गावात क्लासेसची लाट आली. तुमच्या बाबांची बारावी होऊन गेली होती. पण सगळ्या मराठवाड्यातून मुलं डॉक्टर-इंजिनियर व्हायला लातूरला येऊ लागली. घरांवर मजले चढले, प्रत्येक मजल्यावर खोल्या, प्रत्येक खोलीत चार खाटा. मास्तरांच्या दुकानात सदरे-चोळ्या जाऊन जीन्सच्या खालच्या पट्ट्या दुमडायचं काम आलं. गल्लीतली आपली मुलं मात्र शिकून पुण्याला, हैदराबादला, आणखी लांब गेली होती. घरोघर वरती दुसऱ्यांची मुलं आणि खाली एकेकटी म्हातारी माणसं, असं झालं.

एके दिवशी मास्तर माझ्याकडे आले. दारासमोरून क्लासला जाणाऱ्या मुलांकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, बघा. पोराच्या गळ्यात कार्ड हाय. फोटो हाय, नाव हाय, बापाचा नंबर हाय, रक्त कोणतं ते पण हाय. सोळा वर्षांचं धडधाकट पोरगं! अन् म्हाताऱ्याच्या गळ्यात काय? तुळशीची माळ न्हाई तर तावीज. डॉक्टरनं त्यावर काय वाचायचं?"

त्यांना माझ्याकडून कार्डं लिहून हवी होती, आणि तीही इंग्रजीत. मी म्हटलं, मराठीत का नको? ते म्हणाले, "मराठीत लिवलं की डॉक्टर म्हणतो, तोंडानं सांगा. इंग्रजीत लिवलं की गप वाचतो." मी व्यवस्थित आराखडा केला: वय, उंची, वजन, पूर्वीचे आजार तारखांसह. त्यांनी तो हातात धरून लांबी मोजल्यासारखा वरखाली पाहिला. "चार ओळी, बाई. पाचवी ओळ डॉक्टर वाचत न्हाई." त्या चार ओळी अशा ठरल्या: नाव, कोणत्या गोळ्या चालू आहेत, काय बिल्कुल चालत नाही, आणि बरोबर कोण.

कार्डं गळ्यात घालायला मात्र कोणी तयार होईना. "मी काय बाजारातली शेळी हाय का, गळ्यात बिल्ला बांधायला?" हे तुमच्या पणजीचं म्हणणं. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे, आमच्याकडे सासूला तसंच म्हणतात. जळकोटकडच्या शेतावर त्यांचा जन्म गेला होता आणि माझ्या शिस्तीच्या घरात त्या पाहुणीसारख्या राहत. मास्तर त्यांना अम्मा म्हणायचे आणि त्या मास्तरांना 'ए याकूब'.

आत्याबाईंचं कार्ड सगळ्यात गरजेचं होतं. पूर्वी एकदा उदगीरला त्यांना पेनिसिलीनचं इंजेक्शन दिलं होतं. मिनिटाभरात ओठ सुजले, श्वास अडकला, आणि केवळ डॉक्टर शेजारी उभे होते म्हणून त्या वाचल्या. पुन्हा ते इंजेक्शन टोचलं तर वाचतील याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी तेव्हा बजावलं होतं. मी ते आमच्या फाईलमध्ये नोंदवून ठेवलं होतं. आत्याबाई मात्र ते बोलायला तयार नसत. आपल्याला एखादी गोष्ट सोसत नाही, यात त्यांना कमीपणा वाटे.

मास्तरांनी वाट काढली. आत्याबाईंच्या कमरेला कायम चंची असे, पान-सुपारी आणि तंबाखूचे कप्पे असलेली कापडी पिशवी. मास्तर म्हणाले, "अम्मा, चंची उसवली हाय, द्या इकडं." परत आली तेव्हा तिच्या पाठीला एक नवा कप्पा होता, आत माझ्या अक्षरातलं कार्ड. इतरांच्या कार्डांचे खिसे ते पांढऱ्या दोऱ्याने शिवत. बंडीच्या आत, परकराच्या नेफ्याला, टोपीच्या अस्तरात. हा लाल दोऱ्याने शिवला होता. "ज्याला एखादं औषध चालत न्हाई त्याला लाल दोरा," ते मला म्हणाले. आत्याबाईंनी कप्पा पाहिला, नाक मुरडलं आणि कार्डाच्या मागे सुपारीचं खांड ठेवून दिलं.

आता जे सांगणार आहे त्यात चूक माझी होती. ती तुम्हाला माझ्याच तोंडून कळलेली बरी.

आत्याबाईंच्या पायाला हौदाच्या कडेने लागलं होतं. त्यांनी ते लुगड्याखाली झाकून ठेवलं, वर हळद दाबत राहिल्या. एके दिवशी सकाळी पाहते तर पाय गुडघ्यापर्यंत लाल, अंगात ताप, आणि त्या मला माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारत होत्या. मी मास्तरांना बोलावणं धाडलं. ते रिक्षा घेऊन येईपर्यंत मी काय केलं? आत्याबाईंचं तोंड पुसलं, वेणी घातली, आणि त्यांना धुतलेलं इरकल नेसवलं. दवाखान्यात जायचं म्हणजे चार लोकांत जायचं. डॉक्टरसमोर मळक्या लुगड्यात माणूस नेणं आम्हाला कोणालाच सुचलं नसतं. कमरेची चंची कात-तंबाखूने डागाळलेली होती. "ही घेऊन जायची का दवाखान्यात?" असं म्हणून मी ती सोडली आणि खुंटीला अडकवली. माझ्या हाताने.

रिक्षा दारात आली तेव्हा मी म्हणाले, "मास्तर, तुम्ही पुढं व्हा. मी फाईल घेऊन मागून येते." घरातला प्रत्येक कागद माझ्या फाईलमध्ये असतो, हे तुम्हाला माहीत आहे. ती फाईल त्या दिवशी घरपट्टीच्या फाईलमागे पडली होती. मला ती सापडायला पंचवीस मिनिटं लागली.

क्याज्वल्टीत काय झालं ते मला नंतर शांता सिस्टरांनी सांगितलं. डॉक्टर नवे होते, भले होते, आणि त्यांच्यापुढे रांग होती. त्यांनी विचारलं, "आजी, काय होतंय?" आत्याबाई म्हणाल्या, "कुठं काय? जरा पाय ओढतोय." मास्तर खोकले. डॉक्टरांनी पाय पाहिला, ताप पाहिला आणि इंजेक्शन लिहिलं. मास्तरांनी आत्याबाईंच्या कमरेकडे हात दाखवून म्हटलं, "कार्ड वाचा साहेब." कमरेला चंची नव्हती.

"कसलं कार्ड, चाचा?"

"हिला एक इंजेक्शन चालत न्हाई."

"कोणतं?"

मास्तरांना नाव आठवेना. कार्ड इंग्रजीत होतं, ते त्यांनी शिवलं होतं, वाचलं नव्हतं. आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला समदं चालतंय. दगड खाऊन पचवलेत म्या."

"तुम्हाला नाव माहीत नाही, आजी नाही म्हणतात," डॉक्टर म्हणाले. "मग तुम्हाला कसं माहीत?"

"मी लाल दोऱ्यानं शिवलंय, साहेब," मास्तर म्हणाले. "नावं याद राहत न्हाईत. पण माझ्या हातचा टाका मला याद असतो. अम्माचा खिसा लाल हाय."

डॉक्टर सिस्टरांकडे बघून हसले, आणि त्यांनी सिरिंज भरायला सांगितलं. तेव्हा मास्तरांनी, आयुष्यात कधी कोणापुढे आवाज न चढवलेल्या माणसाने, आत्याबाईंची वर केलेली बाही खाली ओढली आणि दंडावर आपला हात ठेवला.

"साहेब, रागावू नका. कापड कापायच्या आधी आम्ही दोनदा मोजतो. तरी चुकलं तर जोड देता येतो. तुमच्या धंद्यात जोड न्हाई. बाई घरून निघाल्यात, फाईल घेऊन येऊन राहिल्यात. त्या येईस्तोवर पाय धुवा, सलाईन लावा, मला बाहेर हाकला. पण ही सुई थांबवा."

सिस्टर म्हणाल्या, "सर, थांबू या. हे मास्तर भूकंपापासून इथं येतात. उगीच बोलणारे नाहीत."

डॉक्टर थांबले. त्या तरुण डॉक्टरांचं मला आजही कौतुक वाटतं. शिंप्याच्या दोऱ्याच्या रंगावर विश्वास ठेवणं सोपं नव्हतं. त्यांनी जखम धुवायला घेतली. मी धापा टाकत पोचले तेव्हा मास्तर अजून तसेच उभे होते, दंडावर हात ठेवून, गळ्यात टेप, आणि आत्याबाई त्यांना म्हणत होत्या, "याकूब, हात काढ की मेल्या, घाम येतोय."

मी फाईल उघडली. डॉक्टरांनी उदगीरचा कागद वाचला. मग त्यांनी ट्रेमधली भरलेली सिरिंज उचलली, तिच्याकडे पाहिलं आणि बाजूला ठेवली. ते पेनिसिलीनच होतं.

दुसऱ्या औषधाने पाय उतरला. आठव्या दिवशी आत्याबाई घरी आल्या आणि आधी खुंटीवरची चंची मागून घेतली. आतली सुपारी जागेवर आहे ना, हे पाहिलं. मग कार्ड बाहेर काढून उलटसुलट केलं आणि मला म्हणाल्या, "लई बारीक लिवतीस बाय तू. जरा मोठं लिव."

मी मास्तरांकडे माफी मागायला गेले. म्हटलं, चंची मी सोडली, मीच. ते मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "चूक माझी हाय, बाई. मी रोजच्या कपड्याला खिसा शिवला. माणूस दवाखान्यात रोजच्या कपड्यात जातो व्हय?"

त्या महिन्यात ते गल्लीत घरोघर गेले आणि प्रत्येकाला एकच विचारलं: "दवाखान्यात जाताना काय घालणार? ते काढा बाहेर." खिसे नव्या जागी गेले. यातून एक गंमत सुरू झाली. कोणाचं दवाखान्याचं लुगडं कोणतं, यावरून बायकांत चढाओढ लागली. समोरच्या देशमुखकाकूंनी त्यासाठी नवीन पैठणी काढली, तेव्हा आत्याबाई ओट्यावरून ओरडल्या, "अगं, डॉक्टरला दाखवायला चाललीस का जावयाला?" पेटीत एक धुतलेला जोड कायम तयार असे, खिशासकट. ज्यांना आधी क्याज्वल्टीचं नाव काढलं तरी धडकी भरायची, ती माणसं आता वेळेवर जाऊ लागली. निम्मी तयारी आधीच झालेली असे ना. आत्याबाई त्यानंतर आणखी सहा वर्षं जगल्या, तीन वेळा क्याज्वल्टीत जाऊन आल्या, आणि शेवटी घरीच, आपल्या खाटेवर, चंची उशाला घेऊन गेल्या.

मास्तरांचे डोळे थकले तेव्हा सलमा त्यांना नांदेडला न्यायला आली. जायच्या आधी ते माझ्याकडे आले, मी साठी ओलांडली त्या वर्षी. "बाई, आता तुमचं माप," म्हणाले. माझ्या जांभळ्या साडीच्या परकराला त्यांनी चष्मा लावून, अगदी सावकाश, खिसा शिवला. पांढरा दोरा, मला सगळं चालतं. मी चार ओळी लिहायला बसले आणि चौथीपाशी थांबले. तुमचे आजोबा गेले होते, तुमचे बाबा सातासमुद्रापलीकडे. मी म्हटलं, "मास्तर, बरोबर कोण, इथं काय लिहू? येणारं कोणी नाही."

त्यांनी तोंडातला दोरा काढला. "नाव येणाऱ्याचं लिवायचं नसतं, बाई. येणारं कोणी पण येतं. रिक्षावाला येतो, शेजारी येतो. नाव लिवायचं ते ज्याला कळाया पाहिजे त्याचं."

चार वर्षांनी सलमाचा फोन आला. मास्तर जुम्म्याच्या दिवशी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून नमाजाला निघाले होते, दारातच बसले, आणि दवाखान्यात पोचायच्या आधी गेले. "अब्बांच्या सदऱ्यात आतून खिसा होता," ती म्हणाली. "कार्ड उर्दूत होतं. चौथ्या ओळीत दोन नावं होती. एक माझं. अन् दुसरं तुमचं, बाई, नंबरासकट. म्हणून फोन केला." मी तिला विचारलं, सदऱ्याची बटणं? ती रडता रडता हसली. सगळी होती.

मागच्या महिन्यात मला चक्कर आली. घाबरू नका, रक्तदाबाची गोळी बदलली, एवढंच. शेजारच्या वहिनी रिक्षा आणायला गेल्या तोवर मी जांभळी साडी नेसले आणि क्याज्वल्टीत जाऊन बसले. डॉक्टर मुलगी तुमच्याच वयाची होती. तिने कार्ड गप वाचलं, चारही ओळी, आणि विचारलं, "आजी, ही दोन नावं कोणाची? तुमच्याबरोबर आलेत का हे?"

"बरोबर नाही आलेले," मी म्हणाले. "त्यांना कळवायचं आहे."

तिने फोन उचलला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून हिशेब केला आणि तिचा हात धरला.

"आत्ता नको. तिकडे रात्र आहे, झोपली असतील. मीच पत्र लिहीन, सावकाश."